जपानी तलवारींचा छंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी तलवारींविषयी विचारणारे बहुतेक जण दोन वाटांनी येतात. काही जण अ‍ॅनिमे, चित्रपट किंवा गेम बघून येतात. काहींच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत एखादं वक्र पातं निघालेलं असतं. दोघांनाही पहिलं सांगणं एकच: विकणाऱ्याची किंवा घरात चालत आलेली गोष्ट जरा बाजूला ठेवा आणि पातं वाचायला शिका. खिशात हात घालायचं मग बघू.

खरी जपानी तलवार कशाला म्हणायचं?

जपानमध्ये, पारंपरिक पोलादातून, हाताने घडवलेली आणि धारेला पाठीपेक्षा वेगळं पाणी दिलेली तलवार म्हणजे निहोन्तो. तीनही गोष्टी लागतात. ऑनलाइन दुकानात पाच-दहा हजारांत 'कताना' म्हणून जे मिळतं ते त्या आकाराचं लोखंड असतं. त्यातलं बरंचसं चीनमधल्या लोंगछुआनसारख्या तलवारींच्या गावांतून येतं. भिंतीवर टांगायला वाईट नाही, पण तो वेगळा छंद झाला.

आकारावरून नावं ठरतात. शाकू हे जुनं जपानी माप, सुमारे ३०.३ सेंटिमीटरचं. पात्याचं टोक ते मुठीजवळची पाठीवरची खाच हे सरळ अंतर मोजायचं. एका शाकूच्या आत असेल तर तांतो, एक ते दोन शाकू असेल तर वाकिझाशी, दोनच्या वर असेल तर कताना किंवा ताची. ताची कमरेला धार खाली करून लटकवत. कताना धार वर करून कमरपट्ट्यात खोवत. सही पात्याच्या कोणत्या बाजूला आहे हे त्यावरूनच ठरतं, कारण लोहार सहसा नेसल्यावर बाहेरून दिसणाऱ्या बाजूवर सही करत असे.

कालखंड पाठ करावे लागतात का?

चार लक्षात ठेवले तरी भागतं. साधारण १५९६ पर्यंतच्या तलवारी कोतो, तिथून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या शिन्तो, त्यानंतर १८७६ पर्यंतच्या शिनशिन्तो आणि पुढच्या गेंदाइतो. १८७६ साली मेइजी सरकारने तलवार बाळगून फिरायला बंदी केली आणि एका हुकमात हजारो लोहारांचा धंदा बसला. कोणी विळे-कोयते करायला लागलं, कोणी कात्र्या.

कोतो काळात पाच मोठ्या परंपरा होत्या: यामातो, यामाशिरो, बिझेन, सोशू आणि मिनो. नवशिक्याने यातली एकच धरावी असं माझं मत आहे. बिझेन धरा. तिथे माल सर्वांत जास्त झाला, नमुने सर्वांत जास्त उरले आणि चुका ताडून बघायला भरपूर पाती मिळतात.

पोलादाच्या हजार घड्या घालतात हे खरं?

नाही. घड्या साधारण दहा ते पंधरा. पण दर घडीला थर दुप्पट होतात, त्यामुळे पंधराव्या घडीला थरांची संख्या ३२,७६८ होते. आकडा तिथून येतो आणि पुढे 'हजार घड्या' असा फिरतो.

घड्या घालण्याचं कारणही गूढ नाही. कच्चा माल म्हणजे तामाहागाने. लोखंडी वाळू आणि कोळसा तातारा नावाच्या मातीच्या भट्टीत तीन दिवस, तीन रात्री पेटता ठेवून तो काढतात. भट्टी फोडून जो मोठा गोळा निघतो त्यात कार्बन सगळीकडे सारखा नसतो आणि मळीही अडकलेली असते. घडी घालून ठोकलं की मळी बाहेर पडते, कार्बन सारखा पसरतो आणि थोडा जळूनही जातो. एक-दीड टक्क्यावरून तो ०.६-०.७ टक्क्याच्या आसपास येतो. त्याहून जास्त घड्या घातल्या तर पोलाद मऊ पडतं, म्हणजे 'जास्त घड्या तितकी भारी तलवार' हे उलटंच आहे. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो भागात अशी एक भट्टी १९७७ साली पुन्हा सुरू केली. ती हिवाळ्यात पेटते आणि आजच्या बहुतेक लोहारांना पोलाद तिथूनच मिळतं.

मग तो वाकडेपणा ठोकून आणतात का?

थोडा बाक लोहार आधी देतो, बाकीचा पाण्यात येतो. पात्यावर माती लेपतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. मग लालबुंद पातं पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन कडक होते आणि त्या कडक पोलादाचं आकारमान किंचित वाढतं. पाठ सावकाश थंड होते, मऊ राहते. धारेची बाजू लांब झाली की पातं पाठीकडे वळतं. याच क्षणी कित्येक पाती तडकतात. आठवडाभराचं काम पाण्यात गेलं म्हणतात ते इथे अक्षरशः होतं.

पात्यात नेमकं बघायचं काय?

तीन गोष्टी, याच क्रमाने: आकार, पोलादाची वीण आणि पाण्याची रेघ.

आकार हात लांब करून बघायचा. बाक मुठीजवळ जास्त आहे की मध्यावर? टोक लहान आहे की लांबट? मुठीकडून टोकाकडे पातं किती निमुळतं होतं? यावरूनच शतकाचा अंदाज येतो. मुठीजवळ खोल बाक, निमुळतं होत गेलेलं पातं आणि इवलंसं टोक असेल तर नजर हेइआन काळाकडे आणि कामाकुरा काळाच्या सुरुवातीकडे, म्हणजे साधारण बाराव्या-तेराव्या शतकाकडे जाते. रुंद, लांबलचक टोकाचं पातं दिसलं तर चौदाव्या शतकाचा मध्य आठवतो किंवा मग त्याची एकोणिसाव्या शतकातली नक्कल.

वीण म्हणजे हादा. घड्यांमुळे पृष्ठभागावर रंधा मारलेल्या फळीसारख्या रेषा उमटतात. कधी सरळ, कधी लाटेसारख्या, कधी गाठीभोवती फिरलेल्या. गास्सान घराण्याच्या पात्यांवर तर नागमोडी रेषा ओळीने धावतात आणि एकदा पाहिल्या की विसरत नाहीत.

पाण्याची रेघ म्हणजे हामोन. ती बघायला ट्यूबलाइट उपयोगाची नाही. खोलीत अंधार करा, एकच उघडा बल्ब लावा आणि पातं त्याच्या दिशेने असं धरा की प्रकाशाचा ठिपका रेघेवर येईल. मग पातं केसभर वर-खाली हलवा. खऱ्या पात्यात रेघ कापल्यासारखी दिसत नाही. तिच्या काठावर धुकं असतं, त्याला निओई म्हणतात. कुठे कुठे सुटे चमकणारे कण दिसतात, ते निए. बिझेनमध्ये धुकं जास्त, सोशूमध्ये कण जास्त. बिझेनची लवंगांच्या घोसासारखी चोजी रेघ चांगल्या उजेडात पाहायला मिळाली तर पुढे कुणी समजावून सांगावं लागत नाही. नकली पात्यावर ही रेघ आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते. कोन बदलला तरी ती तशीच पांढरी, सपाट राहते, धुकं नाही आणि कणही नाहीत.

मूठ काढल्यावर आतला दांडा गंजलेला निघाला. साफ करू?

हात लावू नका. हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा 'नाही' आहे.

मुठीत बसणाऱ्या या भागाला नाकागो म्हणतात. तो मुद्दाम पॉलिश करत नाहीत. शतकानुशतकं साचलेला गंज हीच त्याच्या वयाची नोंद असते. पाचशे वर्षांच्या नाकागोचा गंज काळपट चॉकलेटी आणि गुळगुळीत असतो, बोटाला काही लागत नाही. लालसर, नारिंगी, भुकटी सुटणारा गंज म्हणजे वय कमी किंवा गंज मुद्दाम आणलेला. सँडपेपर, कोकाकोला, चिंच, लिंबू यांनी 'चकचकीत' केलेल्या नाकागोची किंमत अर्ध्यावरही राहत नाही आणि ती परत आणता येत नाही.

त्यावर सही असते तिला मेई म्हणतात. उदाहरणार्थ एका बाजूला 'बिशू ओसाफुने सुकेसादा': आधी प्रांत, मग गाव, मग नाव. दुसऱ्या बाजूला साल आणि महिना. महिना पाहा, बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवा दिसेल, कारण तसं लिहिण्याचा प्रघात होता. ते पातं खरोखर फेब्रुवारीत झालं असं त्यावरून समजू नये. आणि सुकेसादा नाव बघून उड्याही मारू नका. सोळाव्या शतकात ओसाफुनेत या नावाने सही करणारे लोहार डझनावारी होते आणि युद्धासाठी घाऊक मालही त्याच नावाने निघत होता. सालासोबत, 'सुकेसादा'खेरीज, लोहाराचं वैयक्तिक नावही कोरलेलं असेल तर ते पातं बहुधा खास मागणीवरून केलेलं, म्हणून जास्त मोलाचं.

सही नसली म्हणजे तलवार वाईट असंही नाही. लांब ताची पुढे कापून कतानाच्या मापाच्या केल्या. कापताना नाकागो खालून गेला आणि सहीही गेली. जुन्या थोर पात्यांपैकी कित्येक आज म्हणूनच बिनसहीची आहेत.

माझ्या तलवारीवर मासामुने लिहिलंय!

हो, बऱ्याच तलवारींवर लिहिलेलं असतं. मासामुने हा लोहार कामाकुरा गावात तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि चौदाव्याच्या सुरुवातीला काम करत होता. त्याची स्वतःची सही असलेली पाती अत्यंत दुर्मीळ आहेत. मोठी सही दिसली की जाणकार आधी खोटीच समजतात. कोतेत्सू या लोहाराचंही तेच. हा चिलखत करणारा कारागीर वय झाल्यावर तलवारींकडे वळला आणि त्याच्या हयातीपासूनच त्याच्या खोट्या सह्या सुरू झाल्या. खोट्या सहीला गिमेई म्हणतात. पण सही खोटी असली म्हणजे पातं खोटं असं नाही. तीनशे वर्षांपूर्वी कुण्या गुणी पण अनोळखी लोहाराच्या पात्यावर व्यापाऱ्याने बडं नाव कोरलेलं असू शकतं. असं पातं सही काढून टाकून तज्ज्ञांकडे पुन्हा परीक्षेला पाठवतात आणि ते रीतसर मान्यही होतं.

खरा नामांकित मासामुने कुठे आहे म्हणाल, तर त्याची 'होंजो मासामुने' नावाची तलवार, तो होंजो मासामुने हरवलाय. एकेकाळच्या राज्यकर्त्या तोकुगावा घराण्याने तो डिसेंबर १९४५ मध्ये तोक्योच्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केला. तिथून तो नेला गेला आणि पुन्हा दिसला नाही. दर काही महिन्यांनी 'अमेरिकेतल्या एका गराजमध्ये सापडला' अशी आवई उठते, त्याकडे दुर्लक्ष करावं.

कागदपत्रं दोन प्रकारची असतात म्हणतात. फरक काय?

यात नवीन माणूस हमखास गोंधळतो, आणि विक्रेते त्याचा फायदा घेतात.

पहिला कागद तोरोकुशो. हा नोंदणी दाखला प्रांताचं शिक्षण मंडळ देतं. तो नसेल तर जपानमध्ये तलवार बाळगणं बेकायदेशीर. मालक बदलला की २० दिवसांत कळवावं लागतं. त्यावर सहीचा मजकूर जसा कोरलाय तसा उतरवलेला असतो. सही खरी आहे असं तो कागद म्हणत नाही. 'सरकारी सर्टिफिकेट आहे साहेब' असं सांगून गिमेई खपवणारे याच कागदावर जगतात.

दुसरा कागद परीक्षेचा. १९४८ साली स्थापन झालेल्या एनबीटीएचके या जपानी तलवार-जतन संस्थेचे दाखले सर्वांत जास्त मानले जातात. चढत्या क्रमाने होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो. यातले होझोन आणि तोकुबेत्सु होझोन हे दाखले १९८२ पासूनचे. त्याआधीचे दाखले बाजारात पुष्कळ फिरतात, पण त्यांच्या काळात गडबडी झाल्या होत्या, म्हणून बड्या नावाच्या पात्याला फक्त जुना कागद असेल तर 'नवीन परीक्षा का नाही करून घेतली?' हा प्रश्न विचाराच. उत्तर बहुधा 'केली होती, नापास झाली' असं असतं, फक्त ते कोणी सांगत नाही.

कोणते दोष चालतात, कोणते नाहीत?

एक दोष प्राणघातक: हागिरे. धारेवर आडवी गेलेली केसासारखी बारीक चीर. ती असलेली तलवार संग्राहकाच्या लेखी मेली. ती दुरुस्त होत नाही. भिंगाने, तिरप्या उजेडात, धार टोकापासून मुठीपर्यंत इंचाइंचाने तपासा. फोटोवरून घेताना विक्रेत्याला थेट लेखी विचारा.

टोकाच्या भागात पाण्याची रेघ संपलेली असणं हाही मोठा दोष. वारंवार घासून किंवा टोक तुटल्यावर नव्याने घडवून असं होतं. आगीत सापडून पाणी उतरलेल्या आणि पुन्हा दिलेल्या पात्यांचीही किंमत खूप घसरते. याउलट पाठीवरची छोटी फट, पृष्ठभागावरचा एखादा फुगा, लहानसा खड्डा हे जुन्या पात्यात चालतं. आठशे वर्षांच्या ताचीला काहीतरी असणारच. कालच्या लोहाराच्या पात्यात मात्र ते खपवून घेऊ नका.

किती पैसे लागतात?

जपानमधल्या दुकानांचा ढोबळ अंदाज असा. होझोन दाखल्याची साधी वाकिझाशी दोन-चार लाख येनच्या घरात मिळू शकते. दाखला असलेला बरा कताना साधारण पाच लाखांपासून पुढे. जुयोला वीस-तीस लाख येनपासून सुरुवात समजा. वर काही मर्यादा नाही. ओकायामा प्रांतातल्या सेतोउची शहराने 'सांचोमो' ही राष्ट्रीय ठेवा असलेली ताची २०२० साली लोकवर्गणीच्या जोरावर सुमारे ५० कोटी येनला घेतली.

पहिल्या खरेदीला कताना नको, असं मी सगळ्यांनाच सांगतो. तेवढ्याच पैशात वाकिझाशी कितीतरी उजव्या दर्जाची मिळते आणि शिकायला तीच बरी. आणि 'पॉलिश करून घेऊ मग भारी दिसेल' म्हणून गंजलेलं स्वस्त पातं उचलू नका. प्रशिक्षित पॉलिश करणाऱ्याकडे अख्ख्या कतानाचा खर्च दोन-तीन लाख येनपर्यंत सहज जातो, रांग वेगळी, आणि खाली काय निघेल याची खात्री नाही.

धार गेलीय. आपल्याकडच्या धारवाल्याकडे देऊ?

नाही. ग्राइंडरच्या एका फेरीत पात्याचे कोन आणि रेघा जातात, पाणीही उतरू शकतं. तोगिशी म्हणजे तलवारीला पॉलिश करणारा, हा वेगळाच कारागीर. तो एकामागून एक बारीक होत जाणारे दगड वापरतो आणि शेवटी नखाएवढी दगडाची चकती अंगठ्याखाली फिरवतो. दर पॉलिशला पात्याची थोडी कातडी जातेच, म्हणून ते शतकातून मोजक्या वेळा करायचं असतं.

भारतात घरी ठेवता येते का?

इथे सावध राहा. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालच्या २०१६ च्या नियमांच्या यादीत तलवारी नावानिशी आहेत. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत त्या बाळगायला परवाना लागतो आणि आयातीसाठी वेगळी परवानगी लागते. कुरिअरने तलवारी मागवून माणसं कलम ४ आणि २५ खाली अडकल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात. 'शोभेची आहे', 'जुनी आहे', 'जपानी आहे' ही उत्तरं पोलीस ठाण्यात चालतील असं धरून चालू नका. आपल्या जिल्ह्यात नेमकं काय लागू आहे हे शस्त्र कायद्यातल्या वकिलाला विचारा, समाजमाध्यमावरच्या अनोळखी शूरवीराला नको. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतात पुरावस्तू ठरू शकते आणि मग ती परदेशी पाठवण्यावरही निर्बंध येतात.

परदेशातल्या मराठी मंडळींचं गणित वेगळं. ब्रिटनमध्ये ५० सेंटिमीटर किंवा जास्त लांबीच्या वक्र तलवारींवर २००८ पासून विक्री आणि आयातीची बंदी आहे, पण १९५४ पूर्वीच्या किंवा पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना त्यातून सूट आहे. ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर, म्हणून कागद जपून ठेवा. अमेरिकेत घरी ठेवणं बहुतेक ठिकाणी सोपं, बाहेर घेऊन फिरण्याचे नियम राज्यागणिक निराळे. जपानमधून बाहेर काढताना तिथल्या सांस्कृतिक विभागाचा निर्यात दाखला लागतो आणि तोरोकुशो परत करावा लागतो. चांगला दुकानदार हे स्वतः करून देतो. महिनाभर तरी धरा. राष्ट्रीय ठेवा किंवा महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती ठरलेली पाती बाहेर जात नाहीत.

म्हणजे पुण्या-मुंबईत बसून हा छंद करताच येत नाही?

येतो की. त्सुबा गोळा करा.

त्सुबा म्हणजे हात आणि पातं यांच्या मध्ये बसणारी चकती. आठ सेंटिमीटरच्या आसपासची, लोखंडाची किंवा मिश्रधातूंची. धार नाही, टोक नाही. तरी घडाई, गंज, सही, घराणी, खोटेपणा, हे सगळे प्रश्न तिथेही तसेच आहेत. ओवारी प्रांतातल्या जाड, ओबडधोबड लोखंडी जाळ्या, हिगो प्रांतातलं देखणं काम, गोतो घराण्याची शाकुदोवरची सोन्याची कलाकुसर. शाकुदो म्हणजे थोडं सोनं मिसळलेलं तांबं, त्यावर निळसर काळा रंग आणलेला असतो. एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) बरी लोखंडी त्सुबा दहा-पंधरा हजार येनपासून मिळते आणि एनबीटीएचके त्यांचीही परीक्षा करते. माझं मत विचाराल तर पात्यांच्या किंमती बघता त्सुबांत अजूनही पैशाला जास्त मोल आहे. त्सुबा शस्त्र नसली तरी सीमाशुल्क लागतं. पाकिटावर नीट वर्णन लिहून घ्या, 'तलवारीचा भाग' एवढंच लिहिलं तर पार्सल अडकायला वेळ लागत नाही.

बघायला जायचं तर जवळ हैदराबाद आहे, सालारजंग संग्रहालयाच्या जपानी दालनात. जपानला जाणार असाल तर तोक्योत र्योगोकूचं तलवार संग्रहालय आणि उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय चुकवू नका. ओसाफुने गावात तलवार संग्रहालय आहे, नागोयात तोकुगावा संग्रहालय आणि सेकी गावात पोलादाच्या हत्यारांचा उत्सव भरतो. संग्रहालयात गुडघे वाकवून बघा. दिवे वरून असतात आणि हामोन खालच्या कोनातूनच उमटतो. तिथे सगळेच तसे वाकलेले दिसतील, लाजायचं कारण नाही.

आजोबा फौजेत होते. ब्रह्मदेशातून त्यांनी तलवार आणली होती. ती किती जुनी असेल?

शक्यता खरी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी ईशान्य सीमेवर आणि ब्रह्मदेशात जपान्यांशी लढल्या. मार्च १९४४ मधल्या मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत ४/५ मराठा ही पलटण होती. १९४५ च्या शरणागतीत जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी समोरासमोर स्वाधीन कराव्यात असा ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांचा आग्रह होता. किमुरा या जपानी सेनापतीची तलवार त्यांनी स्वतःकडे ठेवली. खाली अधिकाऱ्यांपर्यंतही बऱ्याच तलवारी आठवण म्हणून पोहोचल्या.

आता तलवारीकडे बघा. मूठ धातूची, वर दोरा गुंडाळल्याचा नुसता साचा आणि पात्यावर मुठीजवळ अनुक्रमांक ठोकलेला असेल तर ती १९३५ च्या नमुन्याची, सार्जंट-हवालदार दर्जाची, यंत्रावर केलेली तलवार. मुठीला खरा दोरा, पितळी साजावर चेरीची फुलं आणि धातूचं तपकिरी म्यान असेल तर १९३४ किंवा १९३८ च्या नमुन्याची अधिकाऱ्याची. तिचं पातं अर्धवट यंत्राचं असू शकतं आणि नाकागोवर 'सेकी' किंवा 'शोवा' असा लहान ठसा सापडतो. तारेचा ठसा असेल तर सैन्याने नेमलेल्या, पारंपरिक पद्धतीने काम करणाऱ्या लोहाराचं पातं, ते जास्त मोलाचं. जहाजाच्या नांगराचा ठसा नौदलाच्या पात्यांवर असतो, ती पुष्कळदा न गंजणाऱ्या पोलादाची असतात.

आणि कधीकधी लष्करी मुठीखाली घरातलं चारशे वर्षांचं पातं निघतं. अनेक अधिकारी पिढीजात तलवार लष्करी साजात बसवून घेऊन जात. म्हणून मूठ काढून नाकागोचे फोटो काढा: दोन्ही बाजू, सरळ, साध्या दिवसाच्या उजेडात. मूठ एका बांबूच्या खिळीवर असते. ती बारीक लाकडी कांडीने, खिळीच्या बारीक टोकाकडून जाड टोकाकडे हळू ढकला. निघत नसेल तर सोडून द्या, हातोडी नको. कायदेशीर बाजू मात्र आधी वकिलाशी बोलून घ्या.

एक गंमत: यंत्रावर केलेल्या लष्करी तलवारींची जपानमध्ये नोंदणीच होत नाही, कारण त्या कलावस्तू मानल्या जात नाहीत. त्यांचा बाजार जपानबाहेरच आहे.

पावसाळ्यात पात्याचं काय करायचं?

मुंबई-कोकणातली हवा पात्याची वैरी. पातं पुसून तेलाचा जेमतेम दिसेल असा थर द्यायचा. पारंपरिक चोजी तेल म्हणजे हलकं खनिज तेल आणि त्यात थोडा लवंगेचा वास. ते नसेल तर स्वच्छ, हलकं शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल, तिळेल, तूप नको, ते चिकट होऊन बसतं. जुनं तेल काढायला स्वच्छ मऊ कागद किंवा मायक्रोफायबर आणि थोडं शुद्ध अल्कोहोल पुरतं. चित्रपटात टपटप मारतात ती पांढरी पुरचुंडी उचिको. ती दगडाची भुकटी असते आणि सारखी मारली तर पॉलिश झिजतं, म्हणून मी तिच्या बाजूने नाही. पातं साध्या लाकडी म्यानात, शिरासायात आडवं ठेवा. कातडी पिशवीत नको.

दसऱ्याला शस्त्रपूजनात ठेवली तर चालेल?

ठेवा, पण हळदकुंकू, अक्षता, फुलं म्यानावर. उघड्या पात्यावर ओलं बोट लागलं तरी एका रात्रीत ठसा गंजून उमटतो, आणि तो काढायला पुन्हा पॉलिशच लागतं. आपट्याची पानंही पात्यावर नकोत.

दुसऱ्याची तलवार हातात घेताना काय पाळायचं?

अंगठी, घड्याळ काढा. पातं धार वर करून म्यानातून काढा, म्हणजे धार म्यानाला घासत नाही. उघड्या पात्यावर बोलू नका, तोंडातली वाफ पुरेशी असते. बोट लावू नका. परत देताना धार स्वतःकडे. मालकाने सांगितल्याशिवाय मूठ काढायची नाही, आणि 'किती पडली?' हे आमचं आवडतं वाक्य तिथे गिळायचं.

मुरामासाची तलवार शापित असते?

तोकुगावा घराण्यातल्या काही माणसांचा जीव मुरामासा या लोहाराच्या पात्यांनी गेला, त्या घराण्याचा पहिला शोगुन (लष्करी सत्ताधीश) इएयासू याच्या आजोबांचाही, म्हणून ही आख्यायिका. शापापेक्षा भीती खरी होती. काही मालकांनी सही पुसून किंवा बदलून टाकली. आज तीच सही मिळाली तर किंमत वाढते.

आज नवीन तलवारी कोण करतं?

परवानाधारक लोहार. किमान पाच वर्षं गुरूकडे उमेदवारी, मग सरकारी परीक्षा. महिन्याला दोन लांब तलवारी किंवा तीन आखूड इतकीच मर्यादा. घाईने माल काढू नये म्हणून हा नियम आहे.

इआइदोच्या, म्हणजे तलवार उपसून वार करायच्या जपानी कलेच्या, वर्गात जातो. तिथे खरी तलवार लागते का?

सुरुवातीला नाही. जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, बिनधारेची इआइतो वापरतात. सुरुवातीची कित्येक वर्षं तीच पुरते. जुन्या, दाखला असलेल्या पात्याने सराव करू नका. त्यासाठी नवं पातं घेतात.

कधीतरी विकायची असेल तर?

ज्या दुकानातून घेतली त्याच्याकडे आधी विचारा. अनेक जपानी दुकानं विक्रीसाठी कमिशनवर ठेवून घेतात. जपानबाहेरून परत पाठवली तर नोंदणी पुन्हा करावी लागते, त्याचा खर्च आणि वेळ धरा. कागद, जुन्या पावत्या, म्यानावरचा हस्तलिखित मजकूर, सुटा झालेला साज, काहीही फेकू नका. सुटी त्सुबा वेगळी विकण्याचा मोह होतो. साज एकाच तलवारीसाठी केलेला असेल तर तो फोडू नका, संच म्हणून जास्त मिळतात.